तळ्याला कुंपण घालण्याआधी

२०२१ मध्ये पुणे महापालिकेत आलेल्या २३ गावांपैकी एका गावातून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. वय एकोणसाठ, शाळेतून निवृत्त. तळ्याकाठचं घर म्हणून त्यांनी हौसेनं फ्लॅट घेतला. तळं म्हणजे गावचा जुना पाझर तलाव. एका अंगाला मातीचा बांध, एका अंगाला गावठाण आणि उरलेल्या काठानं तीन सोसायट्या, मिळून चारशेच्या आसपास फ्लॅट. ताई बरीच वर्षं दर रविवारी सकाळी काठाची सफाई करतात. आधी वीस-पंचवीस माणसं यायची, आता दोघं-तिघं येतात. पाण्यावर जलपर्णी पसरली आहे, संध्याकाळी वास येतो, डास आहेत, डेंग्यूची भीती आहे. गावातल्या बायका तळ्यावर धुणं धुतात, पोरं गळ टाकून बसतात, मंडळाचं विसर्जन तिथंच होतं, निर्माल्याच्या पिशव्या पडतात. वैतागून ताईंनी धुणं धुणाऱ्या एका बाईंचा फोटो सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. त्या बाई ताईंच्याच घरी कामाला येणाऱ्या मुलीची आई निघाल्या. मुलीनं काम सोडलं. ती त्याच बिल्डिंगमध्ये दुसरीकडे कामाला येते, पण लिफ्टमध्ये भेटली तरी बोलत नाही. आता तिन्ही सोसायट्यांच्या फेडरेशननं काठानं जाळीचं कुंपण घालून कार्डावर प्रवेश द्यायचा आणि जलपर्णीवर तणनाशक मारायचं असं योजलं आहे. ताईंनी त्याला पाठिंबा द्यावा असा आग्रह आहे. पावसाळ्यात बांधावर वड-पिंपळ लावायचा ताईंचा स्वतःचाही बेत आहे. त्या विचारतात: कुंपणाला हो म्हणू का? लोकांना पर्वाच नसेल तर मी एकटीनं किती दिवस ओढायचं? की सोडून देऊ?

ताई, नमस्कार.

कुंपणाला हो म्हणू नका, आणि तणनाशकाला तर अजिबातच नको. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं निवांत वाचता येईल. तुमची कळकळ पत्राच्या ओळीओळीत दिसते. निवृत्तीनंतर रविवारची सकाळ चिखलात उभं राहून घालवणारी माणसं कमीच असतात. म्हणूनच तुमच्याशी थोडं स्पष्ट बोलावंसं वाटतं.

तळं खराब करणाऱ्यांची एक यादी तुमच्या पत्रात आहे. धुणं धुणाऱ्या बायका, गळ टाकणारी पोरं, विसर्जन करणारं मंडळ, निर्माल्य टाकणारे. सगळे गावठाणाच्या काठावरचे. सोसायट्यांच्या काठावरचं त्यात कुणीच नाही. आता एक साधा हिशेब करू. शहरी पाणीपुरवठ्याच्या नियोजनात माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात. चारशे फ्लॅट आणि घरटी चार माणसं धरली तर १,६०० माणसांना रोज २ लाख १६ हजार लिटर पाणी लागतं. त्यातलं साधारण ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं असं मानतात, म्हणजे पावणेदोन लाख लिटरच्या घरात. तुमच्याकडे दहा हजार लिटरचे टँकर येत असतील, तर असे सतरा टँकर भरतील एवढं सांडपाणी रोज तुमच्या तीन सोसायट्यांतून बाहेर पडतं. ते कुठं जातं, याबद्दल पत्रात एक ओळही नाही. पाच-सात बायकांच्या धुण्याच्या साबणानं तळ्याचं काहीच बिघडत नाही असं मी म्हणणार नाही. पण सतरा टँकरांपुढे तो साबण किती?

जलपर्णी उगाच वाढत नाही. तिला नायट्रोजन आणि फॉस्फरस लागतात, आणि मैलापाण्यात ते मुबलक असतात. मूळची दक्षिण अमेरिकेतली ही वनस्पती असं पाणी मिळालं की दोनेक आठवड्यांत दुप्पट होते. पाषाण तलाव तुमच्यापासून फार लांब नाही. रामनदीतून सांडपाणी येत राहतं, तलावातली जलपर्णी काढतात, ती पुन्हा पसरते, पुन्हा काढतात. तुमच्या तळ्याचं वेगळं काही चाललेलं नाही. तुम्ही रविवारी ओढून काढता तेवढी ती पुढच्या रविवारांपर्यंत भरून येते, कारण तिला पोसणारं पाणी थांबलेलंच नाही.

लोक यायचे बंद का झाले, त्याचं कारणही मला इथंच दिसतं. माणसं आली, हात काळे करून घेतले, आणि पंधरा दिवसांनी तळं जसंच्या तसं. असं वर्षभर झालं की कुणीही घरी बसेल. 'यांना पर्वा नाही' असा निष्कर्ष तुम्ही काढलात. मला वाटतं, आपल्या येण्यानं काही फरक पडत नाही हे त्यांना तुमच्याआधी कळलं, आणि ते तोंडावर सांगायचं धाडस झालं नाही.

म्हणून येत्या रविवारी पिशव्या उचलू नका. ओढा तळ्याला मिळतो त्या तोंडाशी जाऊन उभ्या राहा. आपल्याकडच्या टेकड्यांवरून येणारे छोटे ओढे पावसाळा संपल्यावर काही महिन्यांत आटतात. एप्रिल-मेमध्येही ओढ्याला धार असेल, तर ते पाणी पावसाचं नाही. सकाळी सात ते नऊ, घराघरांत अंघोळी, भांडी, वॉशिंग मशिन चालू असतात त्या वेळी बघा. धार वाढते का? फेस येतो का? पाणी राखाडी दिसतं का? मग दुपारी तीनच्या सुमाराला पुन्हा जा. सकाळी फुगणारी आणि दुपारी उतरणारी धार घरांतूनच आलेली असते. तिथून ओढ्याच्या कडेनं वर चालत जा. वाटेत पावसाळी गटारांची तोंडं लागतील. कोरड्या दिवसांत त्यातलं एखादं ठिबकत असेल, पाइपच्या ओठावर काळपट बुळबुळीत थर बसलेला असेल, त्यात केसांचे पुंजके अडकलेले असतील, तर कुणीतरी आपलं ड्रेनेज पावसाळी गटाराला जोडून दिलं आहे. फोटो काढायचा तो या पाइपचा काढा. तारीख, वेळ आणि आजूबाजूची खूण त्यात येऊ द्या.

तो पाइप तुमच्याच सोसायटीचा निघाला तर दचकू नका. बहुतेक ठिकाणी असंच निघतं, आणि ते एका अर्थी बरंच, कारण तो बंद करणं तुमच्या हातात असतं.

आता एसटीपीकडे, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्राकडे या. २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्र ही त्यातली नेहमीची अट असते. तीनपैकी एखाद्या तरी सोसायटीत ते बहुधा असेल. असतं म्हणजे चालतं असं मात्र नाही. एसटीपीतलं काम जिवाणू करतात. त्यांना सतत हवा लागते आणि ती ब्लोअर पुरवतो. ब्लोअर वीज खातो, म्हणून बिल कमी करायला रात्री तो बंद ठेवतात. काही तास हवा मिळाली नाही की जिवाणू मरायला लागतात. सकाळी सगळ्यात जास्त पाणी येतं तेव्हा केंद्र अर्धमेलं असतं, आणि मग पाणी प्रक्रियेविना बाहेर सोडणारा बायपासचा व्हॉल्व्ह उघडला जातो.

तुम्ही स्वतः तळघरात जा. ऑपरेटर दादांना दरडावू नका. ते एजन्सीचे पगारी कामगार असतात आणि ब्लोअर बंद करायचा हुकूम त्यांना वरून आलेला असतो. ब्लोअर किती तास चालतो, गाळ शेवटचा कधी काढला, बायपास कधी उघडावा लागतो, एवढं विचारा. हवेच्या टाकीत डोकावून बघा. चांगल्या चाललेल्या टाकीतलं पाणी मातकट तपकिरी असतं आणि त्याला ओल्या मातीसारखा वास असतो. बिघडलेल्या टाकीतलं पाणी काळं पडतं, सडक्या अंड्यांचा वास नाकात बसतो. मग कमिटीकडे पाण्याच्या तपासणीचे अहवाल मागा. त्यातला बीओडीचा, म्हणजे पाण्यातली घाण कुजवायला किती प्राणवायू लागतो त्याचा आकडा प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात दिलेल्या मर्यादेशी ताडून बघा. अहवालच नसतील, तर तेही एक उत्तर झालं.

हे सगळं कमिटीला पटवायचं कसं, हा तुमचा पुढचा प्रश्न असेल. टँकरच्या बिलानं पटवा. त्या १३५ लिटरांपैकी ४५ लिटर फ्लशसाठी धरलेले असतात. १,६०० माणसांचं हे पाणी दिवसाला ७२ हजार लिटर होतं, म्हणजे सात टँकर. एसटीपी नीट चालला आणि त्याचं पाणी फ्लशला व बागेला वापरलं, तर तेवढे टँकर कमी मागवावे लागतील. नव्या इमारतींत फ्लशसाठी वेगळी पाइपलाइन बऱ्याचदा टाकलेली असते. पाण्याला वास येतो म्हणून ती कधीतरी बंद झालेली असते, आणि वास येतो कारण ब्लोअर बंद असतो. उन्हाळ्यात टँकरवर किती खर्च झाला आणि ब्लोअर चोवीस तास चालवला तर वीजबिल किती वाढेल, हे दोन आकडे खजिनदारांकडून घेऊन एका कागदावर शेजारी शेजारी लिहा. तळ्याच्या सफाईला न येणारी माणसंही या कागदासाठी सभेला बसतील. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. स्वतःच्या खर्चाची काळजी करता करता तळं सुधारत असेल, तर सुधारू दे.

तणनाशकाबद्दल थोडक्यात. फवारलेली जलपर्णी मरते आणि तिथंच बुडून कुजते. कुजताना पाण्यातला प्राणवायू ओढून घेते, मासे मरतात, आणि तिनं साठवलेलं सगळं खत पुन्हा पाण्यात मिसळतं. तिचं बी गाळात वर्षानुवर्षं जिवंत राहतं. म्हणजे औषधाचे पैसे जातील, माशांचा खच पडेल आणि पुढच्या मोसमात जलपर्णी परत उगवेल. ती हातानं किंवा यंत्रानं काढायची, तीही उन्हाळ्यात, पाणी उतरलेलं असताना. तिच्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. ओली लगेच उचलायला गेलात तर कंबर मोडेल. काठापासून लांब, उतार तळ्याकडे नसेल अशा जागी आठवडाभर वाळू द्या, मग सुक्या पाल्यात मिसळून खताच्या खड्ड्यात टाका. काठाशीच ढीग ठेवला तर पहिल्या पावसात त्याचा अर्क पुन्हा तळ्यात उतरतो. आणि हिरवं दिसेल ते सगळं उपटू नका. काठावरचं पाणकणीस राहू द्या. ते पाण्यातलं खत शोषतं, काठाची माती धरून ठेवतं, आणि त्याच्या आडोशाला पाणकोंबड्या घरटी करतात.

डेंग्यूचं भय तळ्यावर ढकलू नका. डेंग्यूचा एडिस डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो: कुंड्यांखालच्या बश्या, कूलर, गच्चीवरच्या उघड्या टाक्या, पार्किंगमधले टायर. संध्याकाळी वासाबरोबर येतात ते बहुतेक क्युलेक्स, घाण पाण्यातले. ते कमी करायला पुन्हा सांडपाणीच थांबवावं लागेल. डेंग्यूसाठी मात्र आपापल्या बाल्कनीतच बघावं लागेल.

आता कुंपण. पहिला प्रश्न, ती जागा कुणाची? पाझर तलाव सहसा सरकारी पैशातून, सरकारी किंवा गावकीच्या जमिनीवर झालेले असतात. सातबारा आणि गावनकाशा काढून बघा. बिल्डरनं जाहिरातीत तळं दाखवलं म्हणून ते सोसायटीच्या मालकीचं होत नाही. गावाच्या पाण्याला कार्डाचं कुलूप लावलंत, तर वाद क्षेत्रीय कार्यालयापासून कोर्टापर्यंत जाईल आणि मेंटेनन्सच्या पैशातून वकिलाची फी जाईल.

पण मालकीपेक्षा मला दुसरीच भीती वाटते. अठराव्या शतकात, नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजला तलाव बांधून जमिनीखालच्या नळानं शहरातल्या हौदांपर्यंत पाणी आणलं. ते हौद जपले गेले, कारण लोक त्यातून पाणी भरत होते. घरोघर नळ आले आणि हौद विस्मरणात गेले. लोकांचं येणंजाणं थांबलं की पाण्याची राखण थांबते. तुमच्या तळ्यावर आज धुण्यासाठी, माशांसाठी, गणपतीसाठी माणसं येतात. उद्या जाळी लागली की आत उरतील फक्त सकाळी फेऱ्या मारणारी माणसं, आणि त्यांचं लक्ष हातातल्या घड्याळावरच्या पावलांवर असेल. जाळीपलीकडच्या गावाला मग त्या पाण्याबद्दल आपुलकी कशी राहील?

धोका असेल तिथं अडसर हवा, यात दुमत नाही. पाणी एकदम खोल होतं तिथं कठडा घाला, मराठीत आणि हिंदीत ठळक पाटी लावा, काठावर दोन ठिकाणी दोर बांधलेली ट्यूब टांगा. मात्र सांडव्यावर, म्हणजे तळं भरल्यावर जादा पाणी बाहेर पडतं त्या वाटेवर, काहीही बांधू देऊ नका. कुंपणाच्या नकाशात सांडव्यावरून भिंत किंवा जाळी जात असेल, तर ती लिहून हरकत घेण्याची गोष्ट आहे. जाळीत पालापाचोळा आणि जलपर्णी अडकते आणि जाळीची भिंत होते. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेला पूर आठवा. कात्रजकडून आलेलं पाणी सहकारनगर, अरण्येश्वर भागात घुसलं, सीमाभिंती कोसळल्या, गाड्या आणि जनावरं वाहून गेली. त्या पावसात पुणे परिसरात २० हून अधिक माणसं गेली. ओढ्याची आणि सांडव्याची वाट मोकळी ठेवण्याचं महत्त्व पुण्यात राहणाऱ्यांना आणखी कुणी सांगायला नको.

याच कारणानं तुमचा वड-पिंपळाचा बेतही बदला. झाडं लावायची इच्छा फार चांगली आहे, जागा तेवढी चुकते आहे. मातीच्या बांधावर मोठी झाडं वाढू देत नाहीत. त्यांची मुळं बांधात खोल शिरतात, झाड मेलं की मुळं कुजून पोकळ्या राहतात आणि त्यातून पाणी पाझरत बांध पोखरतो. बांधावर गवतच बरं. वाळा लावा, त्याची मुळं माती घट्ट धरतात. अर्जुन, जांभूळ, करंज, उंबर ही झाडं ओढ्याच्या वरच्या काठानं लावा. तिथं ती फोफावतील आणि पक्षीही येतील.

विसर्जनाबद्दल. मंडळाला 'इथं करू नका' म्हणून पत्र पाठवलंत तर पुढची दहा वर्षं ते मुद्दाम तिथंच करतील, आणि त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं. गणेशोत्सवाच्या बऱ्याच आधी, मूर्ती ठरायच्या वेळी भेटायला जा. शाडूची मूर्ती आणि घाटाशेजारीच हौद, एवढंच बोला. आरती तळ्याच्या काठावरच होऊ दे. हौदाचा खर्च फेडरेशननं उचलला तर बोलणं सोपं होईल, कारण जाळीच्या खर्चापुढे तो काहीच नाही. तुमच्या फ्लॅटमधल्या पीओपीच्या मूर्तींसाठी पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं शोधलेली अमोनियम बायकार्बोनेटची पद्धत आहेच. घरी बादलीत मूर्ती विरघळते. एक काळजी घ्या. उरलेलं पाणी म्हणजे अमोनियम सल्फेट, चक्क खत. पातळ करून ते बागेत घाला, तळ्यात ओतू नका, नाहीतर जलपर्णीचीच सोय होईल. माशांना पाव-कुरमुरे टाकणाऱ्या आजी-आजोबांनाही हेच प्रेमानं सांगावं लागेल. न खाल्लेला पाव तळाशी जाऊन कुजतो.

आता फोटो. पत्रात तुम्ही त्याबद्दल दोनच ओळी लिहिल्या आहेत, पण मला वाटतं हे पत्र तुम्ही त्या दोन ओळींसाठीच लिहिलंत.

त्या बाई लपूनछपून काही करत नव्हत्या. त्यांच्या सासूनंही त्याच दगडावर धुणं धुतलं असेल. तुम्ही त्यांना न विचारता, वाकून काम करत असतानाचा त्यांचा फोटो सगळ्या सोसायटीपुढे ठेवलात. त्यांच्या मुलीनं तो कुणाच्या तरी घरी, हातात झाडू असताना, दुसऱ्याच्या मोबाइलवर पाहिला असेल. खाली कोण काय म्हणालं तेही तिच्या कानावर गेलं असेल. ती लिफ्टमध्ये बोलत नाही, यात नवल नाही.

तिच्या हाती निरोप पाठवू नका, पगार वाढवून बोलवू नका. दुपारी, कामं आटोपायच्या वेळी, गावठाणात त्यांच्या घरी जा. एकट्या जा, कमिटीतलं कुणी बरोबर नको. 'वहिनी, तुम्हाला न विचारता फोटो टाकला, माझं चुकलं,' एवढंच म्हणा. त्याला 'पण' जोडू नका, तळ्याचं कारण सांगू नका. त्या चिडतील, कदाचित आत या असंही म्हणणार नाहीत. ऐकून घ्या आणि परत या. फोटो ज्या ग्रुपवर टाकला होता त्याच ग्रुपवर दिलगिरीही लिहा. माफी दारात आणि फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर, असं राहायला नको. मुलगी कामावर परत येईल की नाही ते तिच्यावर सोडा.

पुढे कधी बोलणं सुरू झालंच, तर विचारा की धुणं तळ्यावर का न्यावं लागतं. महापालिकेत नव्यानं आलेल्या गावांत नळाला पाणी रोज, पुरेसं येतंच असं नाही. तुमच्या सोसायटीला टँकर परवडतो, त्यांना तळं परवडतं. काठापासून थोडं आत, नळ, धुण्याचे दगड आणि सांडपाण्याला शोषखड्डा, एवढी सोय झाली तर बहुतेक जणी तिथंच धुतील. भर उन्हात निसरड्या काठावर उकिडवं बसून धुणं धुवायची हौस कुणाला असते?

गळ टाकून बसणाऱ्या पोरांशीही ओळख करून घ्या. तुमच्या सगळ्या फेडरेशनमध्ये तळं माहीत असलेली तीच आहेत. कुठं किती खोल आहे, कुठल्या बाजूनं काळं पाणी येतं, मासे कुठल्या दिवशी पहाटे वर येऊन तोंड उघडत होते, हे त्यांना पाठ असतं. ढगाळ दिवसांनंतर पहाटे मासे असे वर आले की समजावं, पाण्यातला प्राणवायू संपत आला आहे. ही खबर वेळेवर मिळाली तर कारंजं किंवा एरेटर मध्यरात्रीपासून उजाडेपर्यंत चालवता येतं. सध्या बऱ्याच ठिकाणी कारंजं संध्याकाळी शोभेसाठी लावतात, आणि माशांना त्याची गरज असते तेव्हा ते बंद असतं.

त्या पोरांना आणि सोसायटीतल्या मुलांना मिळून एक काम द्या. स्टीलचं जुनं ताट घ्या, त्याचे चार भाग करून एकाआड एक काळा-पांढरा रंग द्या, मध्ये भोक पाडून खाली वजन आणि वर फुटाच्या खुणा केलेला दोर बांधा. घाटावरून किंवा काठाच्या दगडावरून, कुणीतरी मोठं माणूस बरोबर असताना, ते पाण्यात सोडायचं आणि कितव्या खुणेला दिसेनासं होतं ते वहीत लिहायचं. दर महिन्याला, त्याच जागी, दुपारच्या उन्हात. शास्त्रज्ञही पाण्याची पारदर्शकता अशीच मोजतात. त्याच वहीत पक्षी लिहा: टिबुकली, हळदी-कुंकू बदक, खंड्या, हिवाळ्यात वारकरी आणि धोबी. पाइप बंद झाल्यावर ताट एक फूट जास्त खोल दिसलं, तर रविवारी माणसं परत येतील. त्यांना बोलवायला मेसेज टाकायची गरज पडणार नाही.

राहता राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. सोडून दिलंत तर तुम्हाला कुणी दोष देऊ शकत नाही, मीही देणार नाही. पण मला वाटतं, तुम्ही तळ्याला कंटाळला नाहीत. एकटीनं करण्याला कंटाळला आहात, आणि तसं करायची गरजही नव्हती. लिफ्टच्या देखभालीला आपण स्वयंसेवक शोधत नाही, त्याचा करार असतो आणि मेंटेनन्समध्ये तरतूद असते. तळ्याच्या काठालाही तशीच तरतूद हवी. महिन्याला ठरलेले तास काम करणारी दोन माणसं, शक्य तर गावातलीच, आणि त्यांना रीतसर पगार. रविवारची सफाई दोन महिने बंद ठेवा. आकाश कोसळणार नाही, आणि आजवर किती काम तुम्ही गुपचूप करत होतात ते सगळ्यांना दिसेल.

त्या दोन महिन्यांत कागदाची कामं करा. सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. नोटीस निघण्याआधीच सचिवांकडे विषय लेखी द्या: एसटीपीचा ब्लोअर चोवीस तास चालवणं आणि दरमहा तपासणी अहवाल सूचना फलकावर लावणं, पावसाळी गटाराला जोडलेलं ड्रेनेज शोधून तोडणं, काठाच्या देखभालीची तरतूद, आणि कुंपण व तणनाशकाचा विषय स्थगित ठेवून गावठाणातल्या दोन बायका आणि मंडळाच्या एका प्रतिनिधीसह तळ्याची समिती. बाकीच्या दोन सोसायट्यांतही एकेक सभासद शोधून हाच अर्ज द्यायला सांगा. ओढ्यावर सापडलेले बाहेरचे पाइप फोटोंसह महापालिकेच्या मलनिःसारण विभागाला, क्षेत्रीय कार्यालयामार्फत कळवा. महिनाभरात हालचाल दिसली नाही तर अर्जाचं काय झालं ते माहिती अधिकारात विचारा, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आणि प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.